नवतप्यातलं पहिलं पान

नवतपा आज लागला. हे मला कॅलेंडरनं सांगितलं नाही, दारात पडलेल्या पेपरनं सांगितलं. पानाच्या डोक्यावर लाल-केशरी ज्वाळा, ज्वाळांतून वर आलेला तापमानाचा भला मोठा आकडा, आणि त्याखाली ओढणीनं तोंड बांधून स्कूटीवर चाललेल्या दोन मुली. दर वर्षी त्याच दोन मुली असतात असं मला वाटतं. अगदी खाली, पानाच्या पूर्ण रुंदीत, कूलरची जाहिरात. वर भीती आणि खाली तिच्यावरचा उपाय. रायपूरच्या समता कॉलनीतल्या आमच्या घरात चहाचा कप धरून मी ते पान बघत बसले. खिडकीतून बरी हवा येत होती. तरी पान वाचून झाल्यावर मी उठले आणि पडदा ओढून घेतला.

मेच्या शेवटचे हे नऊ दिवस आमच्याकडे एकेक करून मोजले जातात. पहिला तापला, दुसरा तापला, चौथ्याला आभाळ आलं, म्हणजे यंदा पाऊसपाणी कसं राहील याचे हिशेब म्हातारी माणसं ओट्यावर बसून लावतात. नवतपा तापला नाही तर त्यांना करमत नाही. बाहेर पडताना खिशात कांदा, घरी आल्यावर भाजलेल्या कैरीचं पन्हं, कूलरच्या ओल्या गवताचा वास. दुपारी बारा ते चार गल्लीत एक चप्पल वाजत नाही. असे कितीतरी नवतपे आले आणि गेले, एकमेकांत मिसळून गेले. एक मात्र वेगळा राहिला आहे. त्या वर्षी मी एका पेपरचं पहिलं पान लावत होते.

माझी शाळा आमगावची, गोंदियाच्या अलीकडची, जिल्हा परिषदेची. तिथे नागपूरचा पेपर पॅसेंजरनं यायचा, तोही दुपारी. बाबा रेल्वेत ट्रॅकमन होते, चौथी शिकलेले. स्टेशनवर कुणीतरी वाचून टाकलेला पेपर ते गुंडाळून घरी आणायचे आणि जेवण झाल्यावर मांडी घालून समोर पसरायचे. पण वाचायचे फक्त मोठी अक्षरं. एकदा मी विचारलं, बाबा, खालचं काहून नाही वाचत? ते म्हणाले, "मोठी अक्षरं आमच्यासारख्यासाठी राहतात, बारीक शिकलेल्यासाठी." ते थट्टा करत नव्हते. त्यांना खरंच वाटायचं की पेपरवाल्यांनी अशी वाटणी करून ठेवली आहे. पुढे पेपरात काम केल्यावर कळलं, की त्यांचं फारसं चुकलंही नव्हतं.

बाबांची बदली रायपूरला झाली तेव्हा आम्ही गुढियारीत खोली घेतली. मालगाड्यांची जोडाजोडी दिवसभर ऐकू यायची, आणि वारा फिरला की गोदामांकडून मिरचीचा असा खकाणा यायचा की सगळी गल्ली एकदम शिंकायची. तिथून मी कॉलेजला गेले. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. पदवीचा कागद आला त्या दिवशी आईनं तो देवापुढे ठेवला, आणि बाबांनी हात धुऊन, पुसून मग तो उचलला. आमगावच्या आमच्या बाई, ज्यांनी वर्गात रोज एकीला उभं करून पेपर वाचायला लावला, त्यांना मी पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर आलं त्यात एकच सूचना होती: जे वाचतेस त्याच्या आजूबाजूलाही बघ.

नोकरी लागली ती एका हिंदी पेपरात. पेपर लहान, छापखाना दुसऱ्याचा, त्यामुळे पान दिवेलागणीलाच सोडावं लागे. पहिल्या पानाचे प्रमुख पांडे भैया. पन्नाशीचे, गळ्यात दोरीनं अडकवलेला चष्मा, तोंडात सुपारी. त्यांनी मला शिकवलं तेवढं कॉलेजनं शिकवलं नाही, आणि हे मी आजही कृतज्ञतेनंच लिहिते आहे.

ते म्हणायचे, माणूस पान वाचत नाही, आधी ते बघतो. डोळा पहिल्यांदा चेहऱ्यावर जातो, मग लाल रंगावर, मग मोठ्या अक्षरांवर, आणि तिथून खाली घसरतो तो कंटाळा येईपर्यंत. बातमीत काय आहे हे नंतर. आधी ती कुणाच्या शेजारी बसली आहे ते बघ. शब्दांचंही तसंच. साहेब कचेरीत नसले तर 'व्यस्त', शिपाई नसला तर 'नदारद', म्हणजे गायब. तीच चारशे माणसं पाणी मागायला आली की 'नागरिक', रस्त्यावर बसली की 'भीड़', नुसती गर्दी. शेवटी प्रश्नचिन्ह टाकलं की काहीही म्हणता येतं. आणि काहीच घडलं नसेल तेव्हा 'हड़कंप', म्हणजे खळबळ. हा शब्द आमच्या खोलीत इतका वापरला जायचा, की चहाला उशीर झाला तरी कुणीतरी म्हणायचं, डेस्क पर मचा हड़कंप.

मी हसायचे. मला हे सगळं एखाद्या कसबासारखं वाटायचं, जसं कुणाला भरतकाम येतं तसं. ज्वाळांचं चित्र आमच्याकडे एप्रिलमध्येच काढून ठेवलेलं असे. एका वर्षी म्हणे नवतप्याच्या पहिल्या दिवशी चक्क थंड वारा सुटला होता, तरी ज्वाळा छापल्या. पांडे भैयांना विचारलं तर म्हणाले, लोक वाऱ्यासाठी पेपर घेत नाहीत, बेटा.

त्या वर्षीच्या नवतप्याचा तिसरा दिवस. पांडे भैया तात्यापाऱ्यात कुणाच्या लग्नाला दुपारीच निघून जाणार होते, संध्याकाळी फक्त एक नजर टाकायला येणार होते. जाताना म्हणाले, आज पान तुझं. डोक्यापासून पायापर्यंत. मी घरी फोन करून बाबांना सांगितलं. ते नुसतं "बरं, बरं" म्हणाले. पण दोनदा म्हणाले.

मुख्य बातमी पाण्याची होती. गुढियारीच्या बाजूच्या वस्त्यांत दोन दिवस नळाला थेंब नव्हता. मी मथळा केला: 'नल सूखे, ज़िम्मेदार बेपरवाह'. नळ कोरडे, जबाबदार बेफिकीर. मथळ्यात कुणाचं नाव नव्हतं. पान खाली उतरत होतं तिथे दुसरा एक फोटो होता, पाण्याच्या बातमीशी काही संबंध नसलेला. उन्हाचा फोटो. टाकीजवळच्या कडुनिंबाखाली एक कामगार गमछा डोळ्यांवर घेऊन आडवा झालेला, बाजूला त्याची लोखंडी लांब चावी. पाण्याचे वाल्व उघडायची, वर आडवी मूठ असलेली चावी. छायाचित्रकारानं सावली सुंदर टिपली होती. खाली ओळ होती, नवतप्याची दुपार, घडीभर विसावा.

साडेपाचला जाहिरात वाढली. कूलरवाल्यानं आणखी जागा घेतली. खालचा फोटो उचलून कुठेतरी न्यावा लागणार होता. मी तो वर, पाण्याच्या मथळ्याखाली सरकवून बघितला, आणि तो तिथे असा बसला जणू तिथलाच होता. कडुनिंबाची फांदी मथळ्याला समांतर गेली. फोटोखालची ओळ मावत नव्हती, ती मी काढली. फोटो आणि बातमी यांच्यामध्ये एक बारीक रेघ असते. दोन गोष्टी वेगळ्या आहेत एवढं सांगणारी. ती रेघ टाकली की बातमीची शेवटची ओळ बाहेर पडत होती. मी रेघही काढली.

पांडे भैया आले, लग्नातलं अत्तर लावून. चष्मा डोळ्याला लावून त्यांनी पान बघितलं आणि म्हणाले, "वाह. पन्ना बोल रहा है." आमच्याकडे याच्यावर कौतुक नाही. मी त्या दिवशी स्टेशनापासून घरापर्यंत चालत गेले, रिक्षा केली नाही, कारण मला ते वाक्य आणखी थोडा वेळ बरोबर हवं होतं.

सकाळी उठले तेव्हा बाबा घरी नव्हते. ते पहाटेच स्टॉलवर जाऊन पाच पेपर घेऊन आले होते आणि गल्लीत दारोदार देत फिरत होते. हे पान आमच्या पोरीनं लावलं, असं सांगत. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कोरा पेपर विकत घेतला होता.

शहराच्या दृष्टीनं फोटोतला माणूस कुणीही होता. तोंड झाकलेलं, गमछा कुणाचाही असतो. पण आमच्या पाऱ्यात, म्हणजे आमच्या वस्तीत, ती चावी, तो कडुनिंब आणि ती निळ्या पट्ट्याची चप्पल बघायला चेहऱ्याची गरज नव्हती. तो धनीराम होता. आमच्या वॉर्डाचा वाल्वमॅन. ठेकेदाराकडे रोजंदारीवर, बारा वर्षं. पहाटे सायकलच्या कॅरियरला चावी लावून यायचा, एकेक वाल्व उघडत जायचा, आणि वाटेत कुणाच्या ना कुणाच्या दारात चहा घ्यायचा.

त्या सकाळी त्याला चहा कुणी दिला नाही. मी ऑफिसला निघाले तेव्हा गल्लीच्या तोंडाशी बायका पाण्याचे रिकामे गुंड, कळशा घेऊन उभ्या होत्या, आणि तो चावीवर दोन्ही हात ठेवून मधोमध. शिलाईचं काम करणाऱ्या मीना दीदी, एरवी ज्या त्याला सगळ्यात आधी हाक मारायच्या, त्याच म्हणत होत्या, "का गा धनीराम, उठ गेस?" काय रे, उठलास का? सगळ्या हसल्या. कुणीतरी म्हणालं, झोपू द्या त्याला, ऊन फार आहे. तो सांगत होता की मोठी पाइप पुढे फुटली आहे, वाल्व उघडला तरी पाणी येणार कुठून. कुणी ऐकून घेत नव्हतं. मीना दीदींच्या हातात पेपर होता. मी पुढे होऊन म्हणाले, दीदी, तो फोटो त्या बातमीचा नाही, वेगळा आहे. त्यांनी पान माझ्यासमोर धरलं. "वेगळा कुठे आहे? एकात एक तर आहे." मग जरा मऊ होऊन म्हणाल्या, तू लहान आहेस, तुला त्याची दया येते, पण छापणारी तूच, आपल्याच घरची पोट्टी, मग खोटं कसं असेल?

हे शब्द मला उन्हापेक्षा जास्त लागले. परक्या पेपरवर त्यांनी कदाचित शंकाही घेतली असती.

दुपारपर्यंत ठेकेदारानं धनीरामला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. पाणीपुरवठ्याच्या साहेबांच्या टेबलावर ते पान पडलं होतं, आणि साहेबांनी बोटानं फक्त फोटो दाखवला होता.

मी संध्याकाळी त्याच्या घरी गेले. बाबा बरोबर आले. मी बोलावलं नव्हतं. वाटेत एवढंच म्हणाले, "पेपर वाटले तर मीच ना, व माय." धनीराम खाटेवर बसला होता. मी काय घडलं ते सगळं सांगितलं, जाहिरात, जागा, रेघ. तो ऐकत होता, आणि मी जितकं समजावत होते तितकं ते सांगणं मलाच पोकळ वाटत होतं. शेवटी तो म्हणाला, "सुते त रहेंव, नोनी. फेर वाल्व खोल के सुते रहेंव." झोपलो तर होतोच, पोरी, पण वाल्व उघडून मग झोपलो. एवढा सरळ खुलासा आमच्या पूर्ण पानात नव्हता.

मी म्हणाले, मी तुमचा चांगला फोटो छापते, पहाटे वाल्व उघडतानाचा, मोठा. मला खरंच वाटलं होतं की हाच उपाय. ज्या हातानं बिघडवलं त्याच हातानं सजवून द्यायचं. त्यानं मान हलवली. "फोटू झन छापबे. मोर नाव लिख दे, बस." फोटो नको. नाव लिही, तेवढं पुरे. त्याच्या बायकोनं पाण्याचा लोटा पुढे केला. त्या दिवशी त्या घरात पाणी किती असेल हे मला माहीत होतं. मी दोन घोट घेतले.

दुसऱ्या दिवशी आमच्या पेपरात चूक कबूल करणाऱ्या दोन ओळी आल्या. नवव्या पानावर, राशिभविष्याच्या खाली: कालच्या पहिल्या पानावरील छायाचित्राचा त्या बातमीशी संबंध नव्हता. नाव नाही. बाबांनी ते पान माझ्याकडून उघडून घेतलं, आणि कुठे आहे ते विचारलं. मी बोट ठेवलं तरी त्यांना ते दिसायला वेळ लागला. दाखवायला नेलं तर ठेकेदारानं ते हातातही घेतलं नाही. साहेबांनी पहिलं पान बघितलंय, म्हणाला, नववं ते बघत नाहीत.

मी पांडे भैयांपुढे जाऊन उभी राहिले. नोकरीला वर्षही झालं नव्हतं. त्यांनी आधी समजावलं. पहिल्या पानावर माफी छापायची नसते. आज एक छापली की उद्यापासून लोक प्रत्येक ओळीकडे संशयानं बघतील. ते वाईट मनानं बोलत नव्हते. तीस वर्षं त्यांनी तो पेपर जगवला होता. मी त्यांना बाबांनी वाटलेल्या पाच पेपरांबद्दल सांगितलं. मीना दीदी काय म्हणाल्या तेही सांगितलं. मग मला सुचलं तेवढं बोलले: लोक संशय घेतील तर घेऊ द्या ना, भैया. आमच्या गल्लीत कुणीच घेतला नाही, म्हणून हे झालं.

त्यांनी सुपारी कातरून तोंडात टाकली. मग पान पुढे ओढलं. उजव्या कोपऱ्यात, अगदी खाली, रोज एक चौकट असायची, 'आज का विचार'. तिच्यावर पेन्सिलीनं काट मारून म्हणाले, "एक दिन विचार नहीं आया तो कोई मर नहीं जाएगा. लिख."

चार ओळींची जागा होती. मी तोवर शेकडो मथळे केले होते, पण त्या चार ओळींना अख्खी दुपार गेली. प्रत्येक शब्द लिहिला की मला तो पांडे भैयांच्या शाळेतला वाटायचा. 'निर्दोष' लिहिलं तर खटला चालल्यासारखं वाटत होतं. 'मेहनती' लिहिलं तर कीव. शेवटी जे राहिलं ते असं: 'वह तस्वीर धनीराम की थी, दोष उनका नहीं'. खाली साध्या अक्षरांत, की त्यांनी त्या दिवशी नेहमीच्या वेळी वाल्व उघडले होते, मुख्य पाइप फुटल्यानं पाणी आलं नाही, आणि फोटो तिथे लावण्याची चूक आमच्या डेस्कची होती. भोवती बारीक रेघ. ती मी दोनदा तपासली.

धनीरामचं काम त्याला परत मिळालं, हे इथेच सांगून टाकते. चार दिवसांनी, थोडी खळखळ होऊन, पण मिळालं. मीना दीदींनी चहाही दिला, जरा उशिरा. बाबा दिलेले पेपर परत मागायला गेले होते. तीन मिळाले, एक कुणाच्या फडताळात अंथरला होता, एकात भजी बांधून गेली होती.

मी पुढे काही वर्षं तिथे राहिले, आणि मग एका संस्थेच्या प्रकाशन विभागात आले. इथे ज्वाळा नसतात. पण पान हातावेगळं करण्याआधी मी ते अजूनही समोरच्या टेबलावरच्या कुणाला तरी देते, ज्याला त्यातलं काहीच माहीत नाही अशा माणसाला, आणि विचारते, न वाचता सांगा, हे कशाबद्दल आहे? सहकारी आधी हसायचे. आता कुणी हसत नाही; एकदोघांची उत्तरं ऐकून पानं बदलावी लागली आहेत. आणि आज सकाळी हे सगळं माहीत असूनही मी पडदा ओढलाच. शिकलेल्यांसाठीही मोठी अक्षरं असतात, एवढं तरी मला आता कबूल करता येतं.

त्या वर्षी चार ओळी आल्या त्या सकाळी पेपर घेऊन मी आणि बाबा धनीरामच्या घरी गेलो. पानाच्या डोक्यावर अर्थातच दुसरंच काहीतरी होतं, लाल अक्षरांत. त्याची बायको ते वरपासून शोधत राहिली. "कहाँ हे?" मी खालचा कोपरा दाखवला. ती बघत राहिली आणि म्हणाली, "बस, अतकेच?" एवढंसंच? बाबा माझ्याकडे बघत नव्हते.

धनीरामनं पेपर हातात घेतला. अक्षरावर बोट ठेवत त्यानं आपलं नाव वाचलं, मग पुढचं, मग पुन्हा नाव. मग पेपर खाटेवर पसरला आणि मधोमध दुमडला. कोपरा खाली गेला. त्यानं पेपर उलगडून पुन्हा उलट्या बाजूनं दुमडला. तरी एका बाजूनं लाल अक्षरं डोकावत होती. त्यानं तीही आत घातली, आणखी एक घडी केली, तळव्यानं दाबून सपाट केली. आता वर फक्त ती चौकट होती, आणि तिच्यात त्याचं नाव. एवढं झाल्यावर तो उठला, चप्पल घातली, पेपर सायकलच्या कॅरियरला लावला, चौकट वरच राहील असा, आणि ठेकेदाराच्या ऑफिसकडे निघाला.